यवतेश्वरच्या घाटात: लॅम्बोर्गिनी हुराकान आणि मारुती ८००

लॅम्बोर्गिनीच्या हुराकानमध्ये ५.२ लिटरचे, दहा सिलिंडरचे इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवलेले असते आणि २०१४ साली आलेली तिची पहिली आवृत्ती ६१० अश्वशक्तीच्या जोरावर ३.२ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते. १९८३ ते २०१४ या काळात बनलेल्या मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे; ताकदीत दोघींची बरोबरी होऊच शकत नाही.

मात्र साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाताना प्रश्न ताकदीचा उरत नाही. अरुंद रस्ता, एकामागून एक येणारी वळणे आणि समोरून अचानक उतरणारी एसटी यांमुळे हुराकानची बहुतेक ताकद इथे वापरताच येत नाही, शिवाय तिचे पोट जमिनीला इतके जवळ असते की प्रत्येक गतिरोधक तिरका घेऊन जपून ओलांडावा लागतो. तरीही त्या इंजिनाचा चढत जाणारा आवाज मला मनापासून आवडतो, आणि अभियांत्रिकी म्हणून ते थोर काम आहे, यात शंका नाही.

रोजच्या वापरासाठी मी मारुतीच निवडेन. कार्ब्युरेटरच्या (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) जुन्या गाडीत थंडीच्या सकाळी चोक, म्हणजे त्या मिश्रणातली हवा कमी करणारी कळ, ओढायचा, इंजिन क्षणभर थरथरून स्थिर झाले की निघायचे. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये ती दमते, पण हलकी असल्याने वळणावर सहज वळते. बिघाड झालाच, तर तिचे काम जाणणारा मिस्त्री गावोगावी सापडतो.