शिंग्रिक्स घेतली: नागिणीसाठी, आणि आईची आठवण ठेवूनही

वडिलांना कमरेवर नागीण उठली तेव्हा अंगाला सदरासुद्धा सोसवेना. फोड वाळले, ठणका मात्र वर्षभर राहिला. कुणी गेरूचा लेप सुचवला, कुणी मंत्राने उतरवून देतो म्हणालं. लहानपणी कांजिण्या झालेल्यांच्या शरीरात तोच विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून असतो आणि पुढे नागीण होऊन उठतो. म्हणून साठी उलटल्यावर मी शिंग्रिक्स घेतली.

ही लस भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी. दंडावर दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. एका बाटलीत पूड, दुसरीत द्रव. सिस्टरने माझ्यासमोरच दोन्ही मिसळून इंजेक्शन भरलं. दुसऱ्या डोसनंतर मात्र हात वर करून केस विंचरता येईनात, संध्याकाळी कणकण आली. दोन दिवसांत उतरली. दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे बोलावू नका, एवढंच सांगेन.

आता स्मृतीचं. माझी आई शेवटी मला विचारायची, "तुम्ही कुणाच्या?" त्यामुळे नागिणीच्या लसीने डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, कमी होतो का हे पाहणारा ब्रिटनमधल्या वेल्सचा अभ्यास मी दोनदा वाचला. तिथे १ सप्टेंबर २०१३ ला नागिणीची लस सुरू झाली आणि २ सप्टेंबर १९३३ च्या आधी जन्मलेल्यांना ती मिळालीच नाही. म्हणजे वयात जेमतेम आठवड्याचा फरक, बाकी सगळं सारखं, आणि एकाला लस, दुसऱ्याला नाही. सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये डिमेन्शिया सुमारे एक पंचमांशाने कमी आढळला, बायकांमध्ये फायदा जास्त. असा पुरावा सहजी हाती लागत नाही, म्हणून माझा त्यावर विश्वास बसला.

ती लस मात्र जुनी, जिवंत विषाणूची झोस्टाव्हॅक्स होती. शिंग्रिक्स वेगळी आहे. ऑक्सफर्डच्या २०२४ च्या अभ्यासात शिंग्रिक्सवाल्यांना जुनीवाल्यांपेक्षाही डिमेन्शियाचं निदान उशिरा झालेलं दिसलं, पण ते रुग्णांच्या नोंदींवरून काढलेलं आहे, चाचणी घेऊन नव्हे. डायबेटिसच्या सेमाग्लुटाइड या औषधाबद्दलही नोंदींवरून अशीच आशा वाटली होती. २०२५ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, अल्झायमर काही मंदावला नाही. तेव्हा केवळ स्मरणशक्तीसाठी ही लस घ्या असं मी कुणाला सांगणार नाही. नागिणीसाठी जरूर घ्या. तेवढ्यानेही पैसे वसूल आहेत.

पैसे मात्र बरेच लागतात आणि माझ्या मेडिक्लेममध्ये ते बसले नाहीत. दोन्ही डोसचे आधीच बाजूला काढून ठेवा, एकावर थांबण्यात अर्थ नाही.