मागची बारीक अक्षरं वाचून घेतलेले दोन क्लेन्झर

सोलापूरचं ऊन आणि आमच्या बोअरचं जड पाणी. साबणाने तोंड धुतलं की गालाची कातडी अशी ओढायची की हसलं तर तडकेल. म्हणून मार्चमध्ये एक 'हर्बल' फेसवॉश आणला. कंपनीचं नाव सांगत नाही. पुढे कोरफड, कडुनिंब, हळदीची चित्रं. चौथ्या दिवशी नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल चट्टे! तेव्हा कुठे चष्मा लावून बाटली उलटी केली. घटकांच्या यादीत पाण्यानंतर लगेच सोडियम लॉरेथ सल्फेट, म्हणजे भरपूर फेस आणणारा पदार्थ, आणि कोरफड पार तळाला, सुगंधाच्याही खाली. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी 19 वर्षं सहायक. दिवसभर लेबलं वाचते आणि स्वतःच्या तोंडाला लावायचं ते मात्र चित्र बघून घेतलं.

घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे असते. 1 टक्क्याच्या खालचे घटक मात्र कसेही मागेपुढे लिहिता येतात. त्यामुळे मी आधी फेस आणणारा पदार्थ कोणता आणि कितव्या नंबरला, एवढंच बघते. तसं बघूनच मग हे दोन क्लेन्झर, म्हणजे तोंड धुवायची लोशनं, घेतली.

सेटाफिल जेंटल स्किन क्लेन्झर. याच्या जुन्या यादीत चक्क सोडियम लॉरिल सल्फेट होतं, कातडी कोरडी करतं म्हणून ज्याच्या नावाने सगळे बोटं मोडतात. पण होतं थोडंसं, आणि यादीत त्याच्या आधी मेणासारखं सेटिल अल्कोहोल. तरी डॉक्टर वर्षानुवर्षं तेच लिहून देत होते. नव्या यादीत पाणी, ग्लिसरीन, सेटेअरिल अल्कोहोल, मग पॅन्थेनॉल, नायसिनामाइड (दोन्ही ब जीवनसत्त्वाच्या गोतावळ्यातले), आणि धुण्याचं काम करणारं सोडियम कोकोइल आयसेथिओनेट बरंच खाली. हे नारळातल्या मेदाम्लांपासून करतात. सगळे मिळून 10 घटक. सुगंध नाही.

सेरावेचा हायड्रेटिंग क्लेन्झर. इथेही ग्लिसरीन दुसरं. शिवाय 3 प्रकारची सेरामाइड्स (कातडीत मुळातच असणारे मेद), कोलेस्टेरॉल, आणि ओलावा धरणारं सोडियम हायलुरोनेट. सुगंध यातही नाही. यादी लांबलचक, आणि वाचायला भारी वाटते. पण अर्ध्या मिनिटात मोरीत जाणाऱ्या वस्तूत सेरामाइडचे पैसे किती मोजायचे? माझ्या मते ते क्रीममध्ये मोजावेत. लावल्यावर हाच जास्त मऊ लागतो, हे मात्र कबूल.

आमच्या स्टाफरूममधल्या एका मॅडमनी 'अल्कोहोल' वाचून बाटली जागेवर ठेवली. मॅडम, ते स्पिरिट नव्हे! सेटेअरिल अल्कोहोल म्हणजे मेणासारखे पांढरे दाणे, त्यांनी कातडी कोरडी पडत नाही, उलट मऊ राहते.

मग पीएच पेपर काढला, म्हणजे वस्तू आम्ल की अल्कली ते रंगाने दाखवणारी पट्टी; आकडा 7 च्या जितका वर तितकी अल्कली जास्त. घरचा अंघोळीचा साबण ओल्या पट्टीवर घासला तर ती निळसर हिरवी झाली, म्हणजे 9 च्या पुढे. या दोन्ही क्लेन्झरच्या पट्ट्या पिवळटच राहिल्या, म्हणजे साबणाच्या बऱ्याच खाली. आपल्या कातडीचा पीएच साधारण 5 च्या आसपास, म्हणजे साबणाने ती का ओढत होती ते पट्टीवरच दिसलं. शिवाय जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून पांढरा साका धरतं, बादलीच्या काठावर बोट फिरवलं की नखात येतो तोच. तो तोंडावरही बसत असणार. या दोघांचा तसा साका धरत नाही.

उणीव म्हणाल तर फेस जवळपास नाही, त्यामुळे पहिले चार दिवस तोंड धुतल्यासारखंच वाटत नाही. काजळ तर हलतच नाही. असल्या लोशनछाप क्लेन्झरचं ते कामच नव्हे. मी आधी बोटावर खोबरेल घेऊन डोळे पुसते, मग धुते.

मी सेटाफिलवर राहिले, यादी छोटी म्हणून. काही उठलंच तर 10 नावांत चोर लवकर सापडतो. सेरावे मुलीने पुण्याला नेला. यांनी मात्र सेटाफिल लोशन समजून आठवडाभर टाचांच्या भेगांना चोळलं आणि वर मलाच विचारलं, "अगं, हे जिरत कसं नाही?"