जुन्या अँप्लिफायरचा हम: फक्त फिल्टर कपॅसिटर बदलावेत की सगळेच?

जुना स्टिरिओ अँप्लिफायर सतत गुणगुणू लागला (या गुणगुणीलाच हम म्हणतात), की वीजपुरवठ्यातले मोठे फिल्टर कपॅसिटर (वीजप्रवाहातला चढउतार गाळणारे) तेवढे बदलावेत की आतले सगळेच इलेक्ट्रोलिटिक (धन-ऋण टोके ठरलेले) कपॅसिटर, असा पेच पडतो. आधी अँप्लिफायर बंद करून सर्व इनपुट केबल काढाव्यात आणि व्हॉल्यूम शून्यावर ठेवून तो पुन्हा चालू करावा. हम तेवढाच राहिला, तरच वीजपुरवठ्यावर संशय घ्यावा. तो थांबल्यास दोष बहुधा ग्राउंड लूपचा (जोडलेल्या यंत्रांच्या अर्थिंगमधून बनणाऱ्या वळशाचा) किंवा केबलच्या शील्डचा (तारेभोवतीच्या संरक्षक जाळीचा) असतो आणि दोन्ही पर्याय व्यर्थ ठरतात.

50 हर्ट्झच्या विजेवर फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरचा (एसीचे डीसी करणाऱ्या भागानंतरचा) रिपल, म्हणजे उरलेला चढउतार, 100 हर्ट्झचा असतो आणि तो गाळण्याचा मुख्य भार फिल्टर कपॅसिटरवरच असतो, त्यामुळे हमपुरता पहिला पर्याय बहुधा पुरतो. हे कपॅसिटर नगामागे महाग असले तरी मोजकेच असतात. लहान कपॅसिटर स्वस्त, पण संख्येने बरेच. शिवाय प्रत्येकाची ध्रुवता तपासावी लागते आणि सोल्डरिंग आयर्न जरा जास्त वेळ टेकले, तर जुन्या बोर्डावरची तांब्याची पट्टी सुटून येते. एकदम सगळे बदलून नवाच दोष उद्भवला, तर तो शोधणे जिकिरीचे होते. टिकाऊपणात मात्र दुसरा पर्याय सरस आहे.

दोन्हींत व्होल्टेज क्षमता मूळापेक्षा कमी नसावी आणि प्लग काढल्यावर मोठे कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज करावेत.

केवळ हमचीच तक्रार असेल, तर पहिला पर्याय निवडावा; एका चॅनेलचा आवाज क्षीण झाला असेल किंवा यंत्र रोज तासन्‌तास वाजवायचे असेल, तर दुसरा, तोही टप्प्याटप्प्याने.