आईच्या मांडीत रॉड: डॉक्टरांना पैकीच्या पैकी, काउंटरला नाही

पारोळ्याजवळच्या आमच्या गावात पोळ्याच्या आदल्या दिवशी ७९ वर्षांची आई हौदापाशी घसरली. पाय आखूड दिसत होता, पंजा बाहेरच्या बाजूला वळलेला. काका म्हणाले हाडवैद्याकडे नेऊ. मी ऐकलं नाही, गाडी थेट धुळ्याला. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही आहे.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून पेनाने दाखवलं. खुब्याची मान मोडून सरकली असती, तर या वयात गोळा बदलावा लागला असता. आईचं हाड त्याच्या खाली मोडलेलं, तिथे पीएफएन, म्हणजे आपण ज्याला रॉड म्हणतो तो. जितके दिवस पडून राहील तितकी छाती भरायची आणि पाठीला जखमा व्हायची भीती, म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी), शुगर बघून दुसऱ्याच दिवशी सकाळी ऑपरेशनला घेतलं. कमरेतून भूल, सी-आर्मवर, म्हणजे पडद्यावर चालू एक्स-रे दाखवणाऱ्या मशीनवर, बघत बघत काम, मांडीवर तीन लहान टाके-पट्ट्या. मला वाटलं होतं अख्खी मांडी उघडतील. भूल उतरल्यावर आईचं पहिलं वाक्य, "माले घर लई चाल."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट ताईंनी तिला वॉकरवर उभं केलं. वॉकर उंच होता, आईचे खांदे कानाला लागलेले. ताईंनी चारही पायांची बटणं दाबून दोन-दोन भोकं खाली घेतली, तेव्हा कुठे पाऊल पडलं. या बाईंमुळेच आई चालली, असं माझं मत.

आता काउंटर. स्टीलचा रॉड की टायटॅनियमचा, हे आम्हाला ऑपरेशनच्या दारात विचारलं, तेही तोंडी. दर बिलातच कळला. इम्प्लांटचं, म्हणजे आत बसवलेल्या रॉडचं, स्टिकर फाइलला लावतात, त्याची झेरॉक्स मागितली तर तीन खिडक्या फिरवल्या. नुसतं घसरून खुबा मोडतो म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, त्याचं वेगळं औषध असतं. डिस्चार्ज कार्डावर मात्र कॅल्शियम आणि दुखण्याच्या गोळ्याच. मी विचारलं तेव्हा पुढच्या तपासणीला ते औषध सुरू केलं.

आणि "उकिडवं बसू देऊ नका" हे सांगितलं, पण घरी संडास कोणता, हे कुणीच विचारलं नाही. आमच्याकडे भारतीय. कमोडची खुर्ची बाजारातून यायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी आणि बायकोने कसे काढले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खुर्ची आधी घ्या, मग पेशंट घरी आणा.