चाकावरच्या भांड्यांसाठी कोन ६ची ट्रान्सपरंट ग्लेझ (पावडर), वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

ग्लेझ (भांड्यावर भट्टीत वितळून बसणारा काचेसारखा थर) घेताना बहुतेक जण नमुन्याच्या रंगीत टाइल्स बघून ठरवतात, पण रोज वापरायची भांडी करत असाल तर माझ्या मते आधी एक चांगली ट्रान्सपरंट घ्या. मी सध्या वापरतेय ती पावडरमध्ये मिळते, पाण्यात कालवायची आणि भांडं त्यात बुडवायचं, कोन ६ला (कोन हे भट्टीतल्या उष्णतेचं माप) म्हणजे साधारण १२२० डिग्री सेल्सिअसला पिकते, आणि मला ती मनापासून आवडलीये. चाकावर भिंत वर ओढताना बोटांच्या ज्या वळ्या उमटतात ना, त्या हिच्याखाली स्पष्ट दिसतात, खाचेत थोडी जाड बसते आणि काठावर पातळ होते, त्यामुळे भांड्याचा आकार झाकला न जाता उलट उठून दिसतो.

कालवायला सोपी आहे. मास्क मात्र लावायचाच, त्यात सिलिका असते आणि ती धूळ फुप्फुसात जाणं वाईट, याबाबतीत अजिबात कंटाळा नको. रात्रभर भिजवून ८० मेशच्या (इंचाला ८० भोकं असलेल्या) चाळणीतून गाळली की गाठी राहत नाहीत. पाणी किती हे डोळ्यांनी न ठरवता वजनाने ठरवा, १०० मिली ग्लेझचं वजन १४५ ग्रॅमच्या आसपास आलं की मला बिस्कवर, म्हणजे ग्लेझ लावण्याआधी एकदा भाजलेल्या भांड्यावर, दोनतीन सेकंदांची बुडी पुरते (माझं बिस्क १००० डिग्रीच्या आसपास असतं, तुमचं जास्त भाजलेलं असेल तर ते पाणी कमी शोषतं आणि बुडी थोडी लांबवावी लागते). बादली काही दिवस तशीच ठेवली तरी तळाशी दगड होत नाही, हाताने ढवळलं की परत सारखी होते, हे खूप मोठं सुख आहे.

बुडवण्याआधी भांडं ओल्या स्पंजने पुसा, धूळ किंवा हाताचं तेल राहिलं की तिथे ग्लेझ आकसून माती उघडी पडते. बुडाच्या कडीला वॅक्स लावा नाहीतर भांडं भट्टीतल्या शेल्फला चिकटलंच म्हणून समजा.

आता मुख्य मुद्दा, मातीशी जमतं का? थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकुंचन पावली की तिला बारीक चिरा पडतात, म्हणून मी नवीन ग्लेझ आली की एक भांडं फ्रीझरमध्ये ठेवून मग त्यावर उकळतं पाणी ओतते, हे सिंकमध्ये आणि जरा लांबून करा कारण भांडं फुटू शकतं. माझ्या पांढऱ्या स्टोनवेअरवर (जास्त तापमानाला भाजायची घट्ट माती) एकही चीर नाही. दुसऱ्या एका मातीवर मात्र जाळी पडली, हा दोष एकट्या ग्लेझचा म्हणता येत नाही, जोडीच जमली नाही, आणि स्वतः मिसळणारे लोक अशा वेळी थोडी सिलिका वाढवून बघतात. तेव्हा आधी आपल्या मातीवरच टेस्ट करा, दुसऱ्याच्या फोटोवर जाऊ नका. आंबटाने ग्लेझ खराब होते का हे बघायला लिंबाची फोडही रात्रभर ठेवून बघितली, चकाकी तशीच राहिली. हो, ही घरगुती चाचणी आहे, विकायला भांडी करत असाल तर लॅबचा रिपोर्ट वेगळा लागतो.

पहिल्या भाजणीत सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली. नंतर टॉप टेंपरेचरला पोचल्यावर भट्टी साधारण ५० डिग्री खाली आणून अर्धा तास तिथेच धरली तर ती बरीचशी भरून आली, गॅस निघून गेल्यावर जरा घट्ट झालेल्या ग्लेझला सपाट व्हायला वेळ मिळतो. ही गोष्ट पाकिटावर लिहायला हवी होती राव, नुसतं कोन ६ लिहून भागत नाही!

खाली अंडरग्लेझने (ग्लेझच्या आधी लावायचा रंग) रंगवत असाल तर निळा आणि काळा सुंदर येतो. हिरवा आधी टाइलवर करून बघा, कुठल्याही ट्रान्सपरंटमध्ये झिंक असेल तर क्रोमचा हिरवा तपकिरीकडे जातो.

लोह जास्त असलेल्या लाल-तपकिरी मातीवर काम करणाऱ्यांनी मात्र ही घेऊ नका. तिथे ती दुधाळ होते, बारीक बुडबुडे आत अडकतात आणि ट्रान्सपरंट हे नावच उरत नाही. पातळ लावली तर थोडा फरक पडतो, पण मी तरी त्या मातीवर आतून पांढरी अपारदर्शक लावते आणि बाहेरची बाजू बिनग्लेझची ठेवते.