हार्थस्टोनमधल्या बॉस-लढाया: काही महिने खेळून झाल्यावर

हार्थस्टोन हा कार्डांचा व्हिडिओ गेम आला 2014 मध्ये, आणि त्यातल्या एकट्याने खेळायच्या मोहिमाही त्याच वर्षी सुरू झाल्या. इतक्या जुन्या भागाचं आता काय कौतुक, असं कुणालाही वाटेल. पण रँकच्या शिडीचा, म्हणजे माणसांविरुद्धच्या चुरशीच्या सामन्यांचा वीट आला तेव्हापासून मी जवळजवळ फक्त बॉसच, म्हणजे संगणक चालवतो ते प्रतिस्पर्धीच खेळते आहे, आणि माझं मत असं झालंय की या खेळातलं सगळ्यात कल्पक काम इथेच आहे. फक्त एक अट आहे. बॉस म्हणजे ताकदवान खेळाडू असं समजून बसलात तर चिडचिडीशिवाय काही हाती लागणार नाही.

माणसाविरुद्धच्या सामन्यात दोन्ही बाजूंना सारखंच मिळतं. 30 कार्डांचा डेक, 30 हेल्थ, दर टर्नला एक माना (कार्डं उतरवायला लागणारी ऊर्जा) जास्त असं करत 10 पर्यंत, बोर्डावर जास्तीत जास्त 7 मिनियन (तुमच्या बाजूने लढणारी पात्रं), आणि 2 मानाची एक हीरो पॉवर, म्हणजे दर टर्नला एकदा वापरता येणारी खास शक्ती. बॉसला यातलं बरंचसं बंधनकारक नाही. त्याची हेल्थ दुप्पट-तिप्पट असेल, हीरो पॉवर फुकट असेल, डेकमध्ये अशी कार्डं असतील जी तुम्हाला कधी मिळणारच नाहीत. कागदावर हा सरळसरळ अन्याय आहे.

त्या बदल्यात बॉसकडे एक गोष्ट नाही, ती म्हणजे डोकं. हीरो पॉवरपुरता माना असला की तो ती वापरतो. ती आत्ता वापरणं शहाणपणाचं आहे का, हा प्रश्न त्याला पडत नाही. तुमच्या हातात काय असेल याचा अंदाज तो बांधत नाही. सगळा बोर्ड साफ करणारं कार्ड तुमच्याकडे असू शकतं, हे कुठलाही बरा खेळाडू धरून चालतो आणि दोन मिनियन हातात राखून ठेवतो. बॉस सगळे उतरवून मोकळा होतो. त्यामुळे खरा प्रश्न ‘हा आता काय करेल’ असा राहतच नाही, कारण तो काय करणार हे त्याच्या हीरो पॉवरवर लिहिलेलंच असतं. प्रश्न असतो तो ‘हा हेच करत राहणार असेल, तर मी त्याचा फायदा कसा करून घेऊ’ असा. शिवाय या लढायांत टर्नला वेळेची मर्यादा नाही. वेळ संपत आल्याचं दाखवणारी जळती दोरी नाही, त्यामुळे एकेक टर्न हवा तितका वेळ चघळता येतो. शिडीवर खेळणाऱ्यांना याची किंमत सांगायला नको.

पहिली मोहीम नॅक्सरामस. पाच विंग (विभाग), पंधरा बॉस. मोहीम आली तेव्हा एकेक विंग 700 गोल्डला (हे खेळातलं चलन) उघडत असे. वरवर पाहिलं तर हे शिकाऊंसाठीचं प्रकरण वाटतं, पण बॉस-लढाई कशी रचावी याचा आराखडा इथेच पक्का झाला, आणि पुढच्या कित्येक मोहिमांनी त्याच आराखड्यावर फक्त रंग बदलले.

मेक्सना घ्या. जाळं विणणाऱ्या या मादी कोळ्याची हीरो पॉवर तुमचा एक मिनियन उचलून परत तुमच्या हातात टाकते. साध्या पातळीवर हे त्रासदायक आहे इतकंच. हिरोइक, म्हणजे अवघड पातळीवर मात्र ती दर टर्नला दोन मिनियन परत पाठवते, तेही फुकट. शिडीवरचा आवडता डेक घेऊन गेलात तर सहा-सात मानाचा मोठा मिनियन उतरवायचा, तो परत हातात, पुढच्या टर्नला पुन्हा तोच, असं होत राहतं आणि मधल्या काळात तिचे कोळी तुम्हाला संपवतात. उत्तर असं की परत येण्यातच ज्यांचा नफा आहे अशी कार्डं भरायची. उतरताना बॅटलक्राय चालवणारे स्वस्त मिनियन, किंवा उतरल्या टर्नलाच हल्ला करणारे चार्जवाले. मग तिची पॉवर तुमच्यासाठी राबायला लागते, कारण तोच बॅटलक्राय दर टर्नला नव्याने चालतो. हा डेक शिडीवर नेला तर लोक हसतील. इथे तोच लागतो.

हायगनचं कोडं याहून बारीक आहे. त्याची पॉवर तुमच्या सगळ्यात डावीकडच्या मिनियनला इजा करते, दुसऱ्या कुणालाही नाही. मिनियन कुठल्या जागी ठेवला याकडे एरवी आपण फारसं बघत नाही. इथे अचानक ती जागाच सगळा खेळ होते. डाव्या टोकाला एखादा टाकाऊ मिनियन, किंवा मेल्यावर काहीतरी देऊन जाणारा डेथरॅटलवाला ठेवायचा, आणि कामाचे उजवीकडे. एका ओळीच्या नियमातून इतकं काही निघू शकतं, याला मी मनापासून दाद देते.

फेअरलिना तुमच्या हातात जितकी कार्डं तितके आगीचे गोळे फेकते. म्हणजे ज्या हातभर कार्डांना आपण एरवी श्रीमंती समजतो, तीच इथे जिवावर येते. स्वस्त कार्डं भराभर उतरवून हात रिकामा ठेवणारा डेक इथे आरामात जिंकतो. पॅचवर्ककडे तर डेकच नाही. हूक नावाचं एक शस्त्र आणि मिनियन ठार मारणारी पॉवर, बस्स. तो एका वेळी एकच मारणार असेल तर त्याला एक मोठा कशाला द्यायचा? ढीगभर छोटे द्यायचे.

लोथेब माझा सगळ्यात लाडका. साध्या पातळीवर 75 हेल्थ, हिरोइकला 99. आकडा बघून छाती दडपते. पण त्याच्या बाजूला अधूनमधून स्पोर नावाचा एक फालतू मिनियन उगवतो, 0 अटॅक, 1 हेल्थ. तो मारला की तुमच्या बोर्डावरच्या सगळ्या मिनियनना 8 अटॅक जास्तीचा मिळतो. नवखा खेळाडू स्पोर दिसला की लगेच मारतो, बोर्डावर एकच मिनियन असताना, आणि एवढा मोठा फायदा वाया घालवतो. स्पोर उगवू द्यायचे, साठू द्यायचे, इकडे आपले पाच-सहा मिनियन जमवायचे आणि मग एकाच टर्नला सगळं उरकायचं. तोवर त्याच्या पॉवरचा मार सरळ तुमच्या हीरोवर पडत असतो, म्हणजे थांबायचं किती याचा हिशेबही ठेवावा लागतो. अधीरपणा आणि धीर यांच्यातला हा ताण मला पुढच्या फार थोड्या बॉसमध्ये सापडला.

हिरोइकबद्दल एक तक्रार इथेच नोंदवते. हे कोडं सोडवायला कार्डं लागतात, आणि ती तुमच्या संग्रहात असावी लागतात. उत्तर डोक्यात आलंय, पण त्यातली तीन कार्डंच नाहीत, ही अवस्था नव्या खेळाडूच्या वाट्याला हमखास येते. मग दुसरं, ओबडधोबड उत्तर शोधावं लागतं. कधीकधी ते सापडतंही आणि मजा दुप्पट होते, पण बऱ्याचदा पहिल्या हातात काय येतं याच्या भरवशावर लढाई पुन्हा पुन्हा सुरू करत बसणं एवढंच उरतं. हरण्याला काही दंड नाही हे खरं, पण नशिबाची वाट बघणं म्हणजे विचार नव्हे. आणि सगळे हिरोइक बॉस हरवल्यावर मिळतं काय, तर एक कार्ड बॅक, म्हणजे कार्डांच्या पाठीवरचं नवं चित्र. मला चालतं, सगळ्यांना चालेलच असं नाही.

2015 ची ब्लॅकरॉक माउंटन मोहीम नॅक्सरामसपेक्षा जास्त खट्याळ आहे. बॅरन गेडनची पॉवर बघा: टर्नअखेर तुमचा माना उरला असेल तर 5 इजा, हिरोइकला 10. एरवी एक-दोन माना वाया जाणं ही रोजचीच बाब. इथे प्रत्येक टर्नला शेवटचा थेंब वापरण्याची सक्ती येते, त्यामुळे डेक बांधतानाच एक, दोन, तीन, चार मानाची कार्डं नीट मोजून भरावी लागतात. डेकचा माना कर्व्ह, म्हणजे किती मानाची किती कार्डं ठेवायची हे नव्या माणसाला समजावून सांगत बसण्यापेक्षा त्याला गेडनसमोर बसवावं.

सम्राट थॉरिसन तर उघड थट्टाच आहे. त्याची पॉवर 30 इजा करते, म्हणजे एका फटक्यात तुम्ही खलास. फक्त त्याची राणी मोइरा बोर्डावर जिवंत असेपर्यंत त्याला ती वापरता येत नाही. म्हणजे शत्रूच्याच मिनियनचा जीव तुम्ही सांभाळायचा. हिरोइकला तिची हेल्थ 1 आहे, त्यामुळे सगळ्यांना थोडी थोडी इजा करणारं कुठलंही कार्ड डेकमधून काढून टाकायचं. मिनियनवर ती आपणहून हल्ला करत नाही, मात्र तुमच्याकडे टॉन्टवाला मिनियन (ज्याच्यावर शत्रूला आधी हल्ला करावाच लागतो असा) असेल तर ती त्याच्यावर जाऊन आदळते आणि मरते. टॉन्टसारखी सुरक्षित गोष्ट इथे आत्मघात ठरते. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी मोठ्याने हसले होते.

त्याच वर्षाच्या लीग ऑफ एक्सप्लोरर्स या मोहिमेत काही ठिकाणी बॉसऐवजी पळापळ आहे. मंदिरातून सुटताना कुणाला हरवायचंच नसतं, 10 टर्न फक्त जगायचं असतं. कल्पना छान आहे, पुन्हा खेळावीशी वाटत नाही. 2016 च्या काराझानमधली बुद्धिबळाची लढाई मात्र एकदा तरी खेळावीच. तिथे डेक ठरलेला असतो आणि सोंगट्या टर्नच्या शेवटी समोरच्यावर आपोआप हल्ला करतात, तुमच्या हाती फक्त मांडणी. बाकी काराझान दिसायला देखणी आणि खेळायला सोपी आहे. ती मी एकदा पूर्ण केली, परत फिरकले नाही.

2017 चा लिच किंग हा बॉस वेगळ्या जातीचा आहे. तो तुमचा क्लास, म्हणजे तुम्ही निवडलेला हीरोचा प्रकार बघून शिक्षा ठरवतो. मेज (जादूगार) हा क्लास घेऊन गेलात तर सुरुवातीलाच तुमची हेल्थ 1 वर येते. तेव्हाचे नऊही क्लास वापरून त्याला हरवलं की पॅलाडिन या क्लाससाठी आर्थस हा हीरो मिळतो, म्हणजे एकाच बॉसची नऊ वेगवेगळी कोडी. संकल्पना म्हणून मला हे फार आवडतं. खेळताना मात्र नऊपैकी काही क्लासना उत्तर सहज सापडतं आणि काहींना नुसतं नशिबाच्या मागे धावावं लागतं, हा असमतोल लपत नाही.

आणि मग, त्याच वर्षाच्या डिसेंबरात आलेली डंजन रन. माझे या महिन्यांतले सगळ्यात जास्त तास इथे गेले. इथे संग्रहाचा प्रश्नच मिटतो. 10 कार्डांचा तयार डेक आणि 15 हेल्थ घेऊन आत शिरायचं. ओळीने 8 बॉस, एकूण 48 मधून निवडलेले. प्रत्येक विजयानंतर तीन-तीन कार्डांचे तीन गठ्ठे समोर येतात, त्यातला एक घ्यायचा. हेल्थ दर वेळी 5 ने वाढते. मधूनमधून खजिना मिळतो. एकदा हरलात की सगळं पहिल्यापासून.

खरा उलटफेर खजिन्यात आहे. जुन्या मोहिमांत नियम मोडायचा हक्क फक्त बॉसकडे होता, इथे तो तुम्हालाही मिळतो. एक अंगरखा तुमच्या सगळ्या मिनियनना कायमचे अदृश्य करतो. एक टोटेम प्रत्येक बॅटलक्राय दोनदा चालवतो. एक कांडी शत्रूचे सगळे मिनियन एका झटक्यात गप्प करून नष्ट करते. यातलं काय मिळेल हे आधी ठाऊक नसतं, त्यामुळे गठ्ठे निवडताना सतत पुढचा अंदाज धरावा लागतो. बॅटलक्रायवाले गठ्ठे उचलत गेलात आणि टोटेम आलं, की पुढचे तीन बॉस तुमच्यापुढे उभे राहू शकत नाहीत. ते आलं नाही, तर हातात एक मध्यम दर्जाचा डेक आणि समोर 70 हेल्थचा शेवटचा बॉस.

माझा अनुभव असा की डंजन रनमध्ये नवखे खेळाडू चांगली कार्डं निवडतात म्हणून हरतात. तिन्ही गठ्ठ्यांतला एकेकटा बघितला तर सर्वांत दमदार असेल तो ते उचलतात, आणि सहाव्या बॉसपर्यंत डेकचं कडबोळं झालेलं असतं. पहिल्या-दुसऱ्या निवडीतच एक दिशा धरावी आणि मग कमी दर्जाचा गठ्ठाही त्या दिशेचा असेल तर घ्यावा. एक अपवाद मी ठेवते: बोर्ड साफ करणारं किमान एक कार्ड, दिशेत बसो वा न बसो. कॅन्डलबिअर्ड हा बॉस भेटला की त्याचं महत्त्व कळतं. तिथे मिनियन उतरल्या टर्नलाच धावून येतात.

दोष इथेही आहे. शेवटच्या बॉसपैकी काही अमुक प्रकारच्या डेकला जवळजवळ अशक्य आहेत. अझारी तुमच्या डेकची वरची कार्डंच जाळत जातो. सावकाश खेळणारा, कार्डं साठवणारा डेक घेऊन इतक्या लांब आलात आणि दारात तो उभा दिसला, तर खेळायच्या आधीच निकाल माहीत असतो. कोणता बॉस येणार हे आधी कळत नाही, तेव्हा तयारीही करता येत नाही. रचनेच्या दृष्टीने ही मला सगळ्यात कच्ची जागा वाटते. कोड्याचं उत्तर शोधायची संधी तरी मिळायला हवी.

2019 च्या टूम्ब्स ऑफ टेरर या मोहिमेने या दुखण्यावर एक चांगला इलाज काढला. तिथल्या शेवटच्या, प्लेग लॉर्ड नावाच्या बॉसना अवाढव्य हेल्थ आहे, पण तुम्ही केलेली इजा पुढच्या प्रयत्नातही टिकून राहते. हरलात तरी काहीतरी खोदून ठेवलेलं असतं, आणि पुढच्या वेळी समोर कोण आहे हे ठाऊक असतं. गंमत अशी की त्यामुळे प्रत्येक प्रयत्नातली धाकधूकही जरा ओसरते. शेवटचा घाव घालताना डंजन रनमध्ये जो श्वास अडकतो, तो इथे अडकत नाही.

संग्रह लहान असेल तर डंजन रनपासून सुरुवात करा. भरपूर जुनी कार्डं असतील तर सरळ हिरोइक नॅक्सरामस, आणि लढाई लावण्याआधी इंटरनेटवर डेक शोधू नका, निदान पहिले काही तास. तयार डेकने मेक्सना पाच मिनिटांत पडते आणि त्यात बघण्यासारखं काहीच उरत नाही. तिचा डेक स्वतः जुळवायचा असेल तर आधी तुमच्याकडचे तीन मानापर्यंतचे सगळे बॅटलक्राय मिनियन बाजूला काढा आणि बाकीचं नंतर बघा.