गाडी चांगली आहे, पण ती परत आली पाहिजे

धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब आणि वाशी तालुक्यांतल्या गावांमध्ये एका धर्मादाय ट्रस्टची तपासणी गाडी फिरते आहे. गर्भाशयाच्या तोंडाची आणि स्तनांची तपासणी, तीही मोफत. त्याच ट्रस्टने आसपासच्या नर्सांसाठी या तपासणीचं प्रशिक्षणही ठेवलं होतं. मी कळंबच्या एका प्रसूतिगृहात बरीच वर्षं नर्स आहे. प्रशिक्षण मी स्वतः घेतलं, आणि गाडी माझ्या सासरच्या गावी आली तेव्हा भावकीतल्या बायकांना घेऊन गेले. त्यामुळे मी ही सेवा दोन्ही बाजूंनी बघितली आहे. ट्रस्टचं नाव लिहीत नाही. मला जे म्हणायचंय ते असं काम करणाऱ्या सगळ्यांसाठीच आहे.

आधी प्रशिक्षणाबद्दल, कारण ते फार चांगलं आहे. खासगी दवाखान्यातल्या नर्सला रजा मिळणं किती अवघड असतं ते नर्सलाच विचारा. आमच्याकडे एक जण कमी झाली की रात्रपाळी कोलमडते. या ट्रस्टने आमच्या डॉक्टरांना बदली नर्सचा पगार दिला, म्हणून मला जाता आलं. देणगीदारांचा पैसा अशा ठिकाणी लागला तर तो डोळ्यांना दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही, पण त्या एका तरतुदीमुळे आमच्यासारख्या कितीतरी जणी शिकू शकल्या.

शिकवायला स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम आणि एक अनुभवी सिस्टर होत्या. स्पेक्युलम, म्हणजे आतली जागा दिसावी म्हणून घालायचं साधन, आम्ही काय कमी वेळा हाताळलंय का! पण बाळंतपणाच्या घाईत. इथे सावकाश शिकवलं. स्पेक्युलम कोमट पाण्यात धरायचं, आधी बाईच्या हातात देऊन दाखवायचं, काय करणार ते सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. मग पाच टक्के अॅसिटिक अॅसिडमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पिशवीच्या तोंडावर धरायचा आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट थांबायचं. शिरक्याचा वास सगळ्या खोलीत भरतो. जिथे पेशी बदललेल्या असतात तिथे पांढरा डाग उठतो, दाट, स्पष्ट कडांचा. नुसता फिकट पांढरेपणा म्हणजे डाग नव्हे. जंतुसंसर्गाने, जुन्या सुजेनेही तसं दिसतं. हा फरक ऐकून कळत नाही. मॅडम पडद्यावर एकेक फोटो लावायच्या, आम्ही प्रत्येकीने कागदावर उत्तर लिहायचं, मग कुणाचं का चुकलं यावर बोलायचं. कंटाळा येईपर्यंत फोटो बघितले आणि त्यानेच नजर तयार झाली. प्रत्यक्ष तपासणी नंतर, सिस्टर शेजारी उभ्या असताना.

प्रशिक्षण संपलं तरी त्यांनी आम्हाला सोडलं नाही. शंका असली की नाव-गाव न टाकता फोटो पाठवायचा, मॅडमचं उत्तर येतं. सर्टिफिकेट देऊन मोकळं होणारी शिबिरं मी पुष्कळ बघितली आहेत. हे तसं नाही. शिकवण्याला माझ्याकडून पाचपैकी पाच.

आणखी एक गोष्ट त्यांनी ठासून सांगितली, ती मराठवाड्यात फार गरजेची आहे. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. या एका भीतीवर आमच्याकडे किती बायकांच्या पिशव्या निघाल्या! शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांशी बोलल्यावर १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. तिशीतल्या बायका, त्यानंतर कमरेचं दुखणं, अंगातली आग, आणि हातात तोच कोयता. नीट तपासणी झाली तर कुणाला ऑपरेशनची गरजच नाही हेही कळतं. हे काम कॅन्सर शोधण्याइतकंच मोलाचं आहे असं मी मानते.

आता गाडी. आत स्वच्छता उत्तम, दाराला आतून कडी, पडदा वेगळा, तपासणारी बाईच. पायऱ्या मात्र उंच आहेत, म्हाताऱ्या बायकांना दोघींनी धरून चढवावं लागतं. माझ्या चुलत सासूबाईंना सिस्टरने स्वच्छ सांगितलं, "मावशी, पाळी जाऊन लई वर्षं झाली तुमची. आता पेशी बदलतात ती जागा आत सरकलेली असते, या तपासणीत नीट दिसत नाही. तुम्हाला जिल्ह्याच्या दवाखान्यात दुसरी तपासणी करावी लागंल." आकडा वाढवण्यासाठी उगीच तपासून 'सगळं ठीक' लिहून दिलं नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

आमच्या भावकीतल्या एका सुनेला डाग निघाला. तिचा चेहरा पांढरा पडला. "सिस्टर, पिशवी काढावी लागंल का वो?" सिस्टर तिच्याजवळ बसली. "न्हाई गं माय. हा कॅन्सर न्हाई, कॅन्सर होऊ नये म्हणून आपण आत्ताच ती जागा शेकून टाकू." डॉक्टर मॅडमनी बघून खात्री केली. मग हातात धरायचं, बॅटरीवर चालणारं यंत्र. त्याचं टोक शंभर अंशांपर्यंत तापतं, ते डागावर मिनिटभरही धरावं लागत नाही. पोटात थोडी कळ आली म्हणाली, बस्. भूल नाही, टाका नाही. काही दिवस पाण्यासारखं जाईल, महिनाभर नवऱ्यापासून लांब राहायचं, असं समजावून तिच्या सासूलाही बोलावून सांगितलं. ती पायी घरी गेली. तपासणी आणि उपचार एकाच फेरीत व्हावेत यासाठी किती भांडावं तेवढं कमी आहे. 'पुढच्या आठवड्यात सोलापूरला या' म्हटलं की आमच्या अर्ध्या बायका जात नाहीत. एसटीचे पैसे, रोजगार बुडणं, सोबत कोण येणार, घरी विचारायचं कुणाला.

इथपर्यंत सगळं चांगलं. माझी खरी तक्रार पुढे आहे आणि तिला आमच्याच जिल्ह्याचा इतिहास कारण आहे.

तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो केला. पैसा बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा, म्हणजे देणगीचाच. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका, गावांचे ५२ गट. काही गावांत एचपीव्ही चाचणी, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची चाचणी, काही गावांत पॅप, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, काही गावांत हीच अॅसिडची तपासणी, आणि उरलेल्या गावांत नेहमीचीच आरोग्यसेवा, म्हणजे तपासणी नाही. निकाल २००९ मध्ये छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ बायका गेल्या, तपासणी नसलेल्या गटात ६४. अॅसिडच्या तपासणीच्या आणि पॅपच्या गटांत मृत्यूंमध्ये तशी ठोस घट दिसली नाही.

तपासणी नसलेल्या गटात ३१ हजारांवर बायका होत्या. त्यांना तसंच ठेवणं योग्य होतं का, यावर नंतर बराच वाद झाला. मला विचाराल तर त्या ६४ जणी आमच्याच गावागावांतल्या होत्या, आणि त्यांचं देणं फिटलेलं नाही. आज जागतिक आरोग्य संघटना सगळ्या देशांना एचपीव्ही चाचणीच आधी करा असं सांगते. त्या सांगण्यामागे जो पुरावा आहे त्यात आमच्या बायकांचा वाटा आहे. मग त्याच जिल्ह्यात फिरणाऱ्या गाडीत एचपीव्ही चाचणी का नाही?

अॅसिडची तपासणी वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, मी स्वतः ती करते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलनेच दुसरा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांच्याकडून हीच तपासणी करवून घेतली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण तिथे दर दोन वर्षांनी, चार वेळा तपासणी झाली होती. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की गोष्ट उघड आहे. गाडी एकदाच येणार असेल तर तिच्यात एचपीव्ही चाचणी हवी. अॅसिडवरच भागवायचं असेल तर गाडी दर दोन वर्षांनी त्याच गावात, त्याच बायकांसाठी आली पाहिजे. एकदा यायचं, अॅसिड लावायचं आणि पुढचं गाव गाठायचं, याचा उपयोग किती मर्यादित आहे ते आमच्या जिल्ह्यानेच जगाला दाखवून दिलंय.

मी गाडीवरच्या साहेबांना विचारलं, आमच्या गावात परत कधी? ते म्हणाले, पुढचं देणगीदारांवर आहे, या वर्षी नवी गावं घ्यायची आहेत. मला हे पटलं नाही. देणाऱ्याला 'इतकी गावं, इतक्या बायका' असा आकडा दाखवायचा असतो, हे मी समजू शकते. पण आम्हाला शिकवलंय ना? आमच्यासारख्या शिकलेल्या नर्सांना महिन्यातून ठरलेल्या दिवशी मानधन, अॅसिड, कापूस आणि ते शेकायचं यंत्र द्या. ग्रामीण रुग्णालयात एक खोली मिळाली तरी पुष्कळ. गाडीच्या डिझेलपेक्षा स्वस्तात दुसरी फेरी, तिसरी फेरी आम्ही करू. एचपीव्ही चाचणीचा खर्च जास्त आहे, पण तिचा नमुना बाई स्वतःचा स्वतः घेऊ शकते. लाजणाऱ्या बायकांसाठी याहून सोयीचं काय असेल? आशाताई घरोघर जाऊन नमुने आणतील. देणगी मागायचीच तर यासाठी मागा.

दुसरी तक्रार वेळेची. आमच्या गावात गाडी जानेवारीत आली. दसरा-दिवाळीला कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, बाहेर पडतात. जानेवारीत त्या बायका कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असतात, पाल ठोकून. ज्यांना तपासणीची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्याच गावात नव्हत्या. नोंदवही मात्र कुणीतरी जाणत्या माणसाने आखलीय. तिच्यात 'तोडीला कुठे जाता', 'मुकादमाचा फोन' (मुकादम म्हणजे टोळी तोडीला नेणारा) असे रकाने आहेत. तो रकाना बघून मला बरं वाटलं, पण वही भरायलाच बाई समोर नसेल तर रकाना काय करणार? आणि त्या दिवशी उद्घाटन, हार, भाषणं यात दुपार झाली. लेकरं घेऊन सकाळपासून बसलेल्या काही जणी तपासणी न करताच निघून गेल्या. पाहुण्यांना संध्याकाळी बोलवा, बायकांना सकाळी तपासा.

रिपोर्टचा मेसेज इंग्रजीत येतो आणि फोन बहुतेक घरी नवऱ्याकडे नाहीतर पोराकडे असतो. मराठीत, कागदावर, आशाताईच्या हातून द्या. हे लगेच करता येण्यासारखं आहे.

गाडीला मी पाचपैकी साडेतीन देईन, आणि तरीही सगळ्यांना सांगेन की जा. ३० ते ६५ वयाच्या प्रत्येकीने जावं, त्रास नसला तरी. पाळीच्या दिवसांत नको. आदल्या दिवशी आतून काही औषध घालू नका. संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, तर गाडीची वाट न बघता थेट जिल्हा रुग्णालय गाठा. ट्रस्टच्या कार्यालयात मी लेखी दिलंय की आमच्या गावाची पुढची फेरी गुढीपाडव्यानंतर, कोयते परत आल्यावर ठेवा. तुमच्या गावातही गाडी येऊन गेली असेल तर ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर असंच पत्र द्या, आणि खाली बायकांच्या सह्या घ्या.